रानातली शाळा आणि तिचा खर्च

शाळा म्हटली की चार भिंती, फळा आणि घंटा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेनेच मुलांना काही दिवस रानात मुक्कामास न्यावे आणि त्यास सहल न म्हणता शिक्षण म्हणावे, हा विचार अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यास रुजला. मिशिगन राज्यात १९४० साली केलॉग प्रतिष्ठानाच्या साहाय्याने क्लिअर लेक येथे अशी शिबिरे भरू लागली. परंतु या विचाराचा खरा कस लागला तो ओरेगन राज्यात.

ओरेगन हे लाकडाच्या धंद्यावर वाढलेले राज्य. तेथे १९५७ साली सहावीच्या मुलांचे पहिले शिबिर भरले. १९६६ साली पोर्टलंड शहराच्या मल्टनोमा परगण्याने हा उपक्रम उचलला. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी असे अभ्यासाचे चार विषय. गळ्यात लाकडाच्या चकतीवर लिहिलेले नाव, आणि सोबतीस वाट दाखवणारे माध्यमिक शाळेतील ताई-दादा. पुस्तकातला ओढा आणि पायाला गार लागणारा ओढा यांतला भेद त्या मुलांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

पुढे सरकारी खर्चास कात्री लागली. काही ठिकाणी आठवड्याचे तीनच दिवस उरले. कित्येक मुलांच्या वाट्यास तेही आले नाहीत. जेथे पालकांच्या खिशावर भार पडतो, तेथे गरिबाचे मूल आधी मागे राहते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

२०१५ साली राज्याने रानशाळेसाठी कायदा करून निधी स्थापला. मात्र त्यात पैसाच घातला नाही! तेव्हा २०१६ च्या नोव्हेंबरात प्रश्न थेट मतदारांपुढे गेला: राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून वर्षाला २ कोटी २० लक्ष डॉलरपर्यंत रक्कम पाचवी-सहावीच्या प्रत्येक मुलाच्या रानशाळेसाठी द्यावी काय? हा पैसा उद्योगवाढीच्या वाट्यातून जाईल, असा विरोधकांचा आक्षेप होता. तो पोकळ नव्हता; ज्या गावी रोजगार नाही, तेथे तो खराच वाटणार. तरीही सुमारे दोनतृतीयांश मते ठरावाच्या बाजूने पडली.

या इतिहासातून आम्हांस एवढेच घ्यावेसे वाटते, की चांगली कल्पना शिक्षकाच्या उत्साहावर जन्मते, पण ती सर्वांची व्हावयाची तर समाजाने तिचा खर्च आपला मानावा लागतो. रान राखा असे मुलांना सांगणे फुकट असते; रान दाखविण्यास पैसा लागतो.