कार्ब्युरेटर : जन्मकथा आणि दुखणीं

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहराहून एक तीनचाकी गाडी भल्या पहाटे निघाली. गाडींत बेर्था बेंझ ही गृहिणी होती व तिच्यासोबत ऑयगेन आणि रिचर्ड हे तिचे दोन मुलगे होते. गाडी तिचा पति कार्ल बेंझ यानें घडविलेली. परंतु त्याला न विचारतां ती शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या फोर्झहाइमला, आपल्या माहेरीं, चालली होती. वाटेंत वीस्लोख येथें तिनें औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचें हलकें खनिज तेल इंधन म्हणून विकत घेतलें. प्रवासांत एकदां इंधनाची नळी तुंबली, तेव्हां बाईनें टोपीची टांचणी काढली आणि नळी मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून ही हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु गाडी कां थांबली, इंधन कोठें अडलें, हें विचारानें ओळखण्याची जी विद्या पुढें गांवोगांवच्या रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांच्या हातीं आली, तिचाही हा पहिला गाजलेला पाठ होय.

या विद्येचें मर्म कार्ब्युरेटर या मुठीएवढ्या उपकरणाच्या इतिहासांत आहे. तें कोणा एका बुद्धिमंताच्या डोक्यांतून पूर्ण घडून निघालें नाहीं. त्याचा एकेक भाग एकेका दुखण्यावरचा उपाय म्हणून जन्मास आला. कोणता भाग कोणत्या दुखण्यासाठीं आला हें ज्याला ठाऊक, त्याला दुखणें पाहून बिघडलेला भाग सांगतां येतो.

पातळ पेट्रोल इंजिनांत जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळली तरच. पेट्रोलाच्या एका भागास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा, असें हें प्रमाण आहे. बेंझच्या गाडींत हें मिश्रण करण्याची रीत साधी होती. भांड्यांतील इंधनावरून हवा ओढली जाई व जातांना ती वाफ घेऊन जाई. पण इंधनाचा हलका अंश आधीं उडून जाई आणि जड अंश मागें राही. थंडींत वाफ कमी निघे. रस्ता खडबडीत असला कीं इंधन हिंदकळून प्रमाण बिघडे. इंजिनाला मिळणारा घांस कधींच सारखा नसे.

उपाय असा निघाला कीं वाफेची वाट पाहत न बसतां इंधनाचा बारीक फवाराच वाहत्या हवेंत सोडावा. इंग्लंडांत एडवर्ड बटलर यानें या दिशेनें आधींच पाऊल टाकलें होतें. १८९३ सालीं हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं अशा उपकरणाचें पेटंट मागितलें, आणि त्याच वर्षीं डाइम्लरचा सहकारी विल्हेल्म मायबाख याचेंही उपकरण पुढें आलें. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली तोंडानें फुंकून फुलांवर पाणी शिंपडीत होती. तिला पाहून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका हंगेरींत सांगतात. तिच्या खरेपणाची ग्वाही देतां येत नाहीं, पण कार्ब्युरेटर समजावून देण्यास तिच्याहून सोपा दृष्टान्त मिळणें कठीण.

या फवाऱ्यामागील शास्त्र त्याहून जुनें आहे. दानिएल बेर्नूली यानें १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत वाहत्या द्रवाचा वेग व दाब यांचें नातें मांडलें, आणि इटलींतील जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी यानें १७९७ सालीं अरुंद होत जाणाऱ्या नळींतील प्रवाहाविषयीं प्रयोग प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरचा गळा मध्यें अरुंद असतो. तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. शेजारच्या वाटींतील पेट्रोलावर बाहेरच्या हवेचा दाब मात्र कायम असतो. म्हणून पेट्रोल बारीक छिद्रांतून वर चढतें आणि हवेंत उधळलें जातें. हें छिद्र म्हणजे जेट. वाटींत पेट्रोलची पातळी स्थिर राहावी म्हणून फ्लोट आला. पातळी चढली कीं तो सुई वर रेटतो आणि येणारी वाट बंद करतो.

येथेंही दुखणीं संपलीं नाहींत. इंजिन मंद चालत असतां गळ्यांतील ओढ इतकी क्षीण होते कीं मुख्य जेटांतून पेट्रोल निघतच नाहीं. म्हणून मंद गतीसाठीं वेगळें लहान जेट आलें. उलट वेग वाढला कीं पेट्रोल गरजेपेक्षां अधिक ओढलें जातें. म्हणून त्यांत आधींच थोडी हवा मिसळणारें छिद्र आलें. थंड इंजिनाला आरंभीं दाट मिश्रण लागतें. त्यासाठीं चोक आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें सर्व ज्ञान सामान्य माणसाच्या वाहनांत उतरलें. १९४६ सालीं इटलींत पोंतेदेरा येथील पियाज्यो कारखान्यानें कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्यानें आखलेली व्हेस्पा स्कूटर काढली. हिंदुस्थानांत बजाज ऑटोनें १९६० च्या सुमारास पियाज्योशीं करार करून व्हेस्पा बनविण्यास आरंभ केला. तो करार संपल्यावर १९७२ सालीं पुण्याजवळच्या आकुर्डीहून ‘चेतक’ आली. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. इतक्या प्रतीक्षेनें घरीं आलेलें वाहन बिघडलें म्हणून कोणी टाकून देत नसे. त्याचें दुखणें ओळखणें भागच होतें. सकाळीं स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारणारा गृहस्थ हें तेव्हां गल्लोगल्लीचें दृश्य होतें. त्यांत अंधश्रद्धा नव्हती. स्कूटर कलली कीं वाटींतील पेट्रोल हलून थंड इंजिनाला पहिला घांस दाट मिळे, आणि टाकींत तळाशीं उरलेलें पेट्रोलही कॉकाच्या बाजूला येई.

या स्कूटरींत टाकी वर व कार्ब्युरेटर खालीं असल्यामुळें पेट्रोल स्वतःच्या भारानेंच उतरतें. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम कार्ब्युरेटर उघडीत नाहीं. चार किका मारून तो प्लग काढून पाहतो. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं; ओला असेल, तर तें जास्त येत आहे किंवा ठिणगीच पडत नाहीं. कोरड्या प्लगाचा शोध पेट्रोलाच्या वाटेनेंच घ्यावयाचा: टाकी, झांकणाचें छिद्र, कॉक, नळी, जाळी, सुई आणि शेवटीं जेट. स्कूटर कांहीं अंतर जाऊन बंद पडते आणि थोड्या वेळानें आपोआप चालू होते, तेव्हां बहुधा झांकणाचें छिद्र बुजलेलें असतें; हवा आंत शिरत नाहीं, म्हणून पेट्रोल उतरत नाहीं. झांकण सैल करतांच हें दुखणें उघड होतें. मूठ पिळली असतां चालते, पण सोडली कीं बंद पडते, तर मंद गतीच्या जेटांत कचरा आहे. मंद चालते, पण मूठ पिळली कीं गुदमरते, तर मुख्य जेट किंवा तेथवरची वाट तुंबली आहे. चोक ओढूनच चालते, तर पेट्रोल कमी येत आहे किंवा एखाद्या जोडांतून फाजील हवा शिरत आहे. पेट्रोल बाहेर गळत राहतें, तर सुई झिजली आहे किंवा फ्लोटाला भोंक पडून तो बुडाला आहे.

प्लगाचा रंगही बोलका असतो. तपकिरी रंग आरोग्याचा. काजळी मिश्रण दाट असल्याची खूण. पांढुरका रंग तें विरळ असल्याची. जुन्या दोन-धांवी इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असे. त्यामुळें पेट्रोल कमी पडलें कीं तेलही कमी पडे, आणि तापलेला पिस्टन नळकांड्यांत जखडून बसे. दाट मिश्रण पैसा खातें. विरळ मिश्रण इंजिनच खातें. आणि हें सर्व तपासतांना पेट्रोलची वाफ सभोंवतीं असते, म्हणून विडी-काडी दूर ठेवणें हा पहिला नियम.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निर्बंध लागू झाले. त्यांच्यामुळें नव्या पेट्रोल स्कूटरींत कार्ब्युरेटर जवळजवळ लोपला आणि इंधनाचें माप विजेच्या यंत्रणेकडे गेलें. ‘चेतक’ हें नांवही त्याच सुमारास विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळालें. तथापि रस्त्यावर जुनीं वाहनें अद्याप आहेत. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषतें व जुन्या रबराला मानवत नाहीं. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या स्कूटरच्या वाटींत पाणी व चिकट गाळ सांपडतो, तो धुऊन काढल्याविना इलाज नाहीं.

मात्र तो काढतांना बेर्थाबाईंची टांचणी हातीं घेऊं नये. तिनें मोकळी केली ती नळी होती. जेट तोंवर तिच्या गाडींत आलेंच नव्हतें. व्हेस्पांत बसणाऱ्या देल्लोर्तो कार्ब्युरेटरच्या जेटावर शंभर हा आंकडा कोरलेला असतो, त्याचा अर्थ छिद्राचा व्यास एक मिलिमीटर. तारेनें खरवडून हा व्यास दहावा हिस्सा जरी वाढला, तरी छिद्राचें क्षेत्र एकवीस टक्क्यांनीं वाढतें आणि दुरुस्तीच नवें दुखणें होऊन बसते. जेट पेट्रोलनें धुवावें व हवेनें फुंकावें, इतकेंच. फुंकरीनें फवारा उडविणाऱ्या त्या फुलवालीची युक्ति येथें शेवटपर्यंत पुरते.