हजेरीची कुळकथा

पाऊस हजेरी लावतो, शाळेत मास्तर हजेरी घेतात, उशिरा घरी येणाऱ्याची घरचे खरपूस हजेरी घेतात. अरबी ‘हाजिर’वरून आलेला हा शब्द आपल्या मुलखात आणखी एका अर्थाने चालायचा: आपण गावातच आहोत, चोरीला बाहेर पडलेलो नाही, हे चावडीवर पाटलाला तोंड दाखवून पटवणं.

ही रीत १८७१च्या ‘क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट’ची. सुताराचा पोर सुतार, तसा चोराचा पोर चोर, हा सरकारी हिशेब. अख्खी जमात गुन्हेगार ठरायची आणि त्यावर कोर्टात दाद नाही. १९११मध्ये कायदा मुंबई इलाख्यात आला. नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायचं तर दाखला. कैकाडी टोपल्या विणायचा, पण त्या विकायला चार गावं फिरायला हवीत. म्हणजे पोट भरणं हाच संशय. मांग तर भटकेही नव्हते. तरी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंच्या ‘फकिरा’त त्यांच्यावर हजेरी लादलेली दिसते. मुंबई इलाख्यात कायदा आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९१२मध्ये, फ्रान्सने रोमा आणि इतर भटक्यांच्या हाती फोटो नि ठशांची वही दिली. गावात शिरताना शिक्का, सोडताना शिक्का.

(फसवणाऱ्याला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. ते एका जमातीचं नाव आहे, आजही सरकारी यादीत.)

सरकारला भटकंतीचंच वावडं म्हणावं, तर याच मुलखातल्या, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या विटा गावाकडे बघा. दुष्काळाने इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. परक्या गावात, परक्याचं सोनं हातात. त्यांना कुणी चावडीवर बोलावलं नाही; गावाकडे ‘गलाईवाले’ म्हणून त्यांचा मानच.

मुंबई प्रांतात कायदा १९४९मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ला. गुन्हेगार जमाती ‘विमुक्त’ झाल्या. १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला; त्यात जमातीचं नाव नव्हतं. चोरी झाली की पोलिसांना पारध्यांची पालं मात्र अजून आधी आठवतात.

चावडीच्या जागी ग्रामपंचायत आली. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारे म्हणून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने धरलं. ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं.