पेट्रोल की करंट?

उभी असता शांतपणे चालणारी, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने निमूट धावणारी जुनी मोटार पुढच्या मालमोटारीला मागे टाकण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच नेमकी गचके खाऊ लागते, आणि पाय उचलताच पुन्हा साळसूद होते, हा प्रकार १९५० ते १९९० या कालखंडात मुंबई-पुण्याकडे मोटार बाळगणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा होता. गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, एवढीच फिर्याद घेऊन मालक मिस्त्रीकडे जाई. आणि तिची तड लावण्याची जी रीत या शहरांच्या गल्लीबोळांत रूढ झाली, तिचा उगम यंत्रशास्त्राइतकाच सरकारी परवान्यांच्या अमदानीत शोधावा लागतो.

शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून सुटे भाग जुळवून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना चालविला होता, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आरंभी अमेरिकन डॉज व प्लिमथ गाड्याच जुळविल्या जात. केवळ जुळवणी करणाऱ्यांनी एकतर एतद्देशीय उत्पादन हाती घ्यावे, नाहीतर गाशा गुंडाळावा, असे सरकारी धोरण १९५३ साली ठरले, तेव्हा शिवडीचा कारखाना बंद पडला. कुर्ल्याला १,०८९ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची फियाट ११०० रुजली, आणि डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे पालटीत ती शतकाच्या अखेरीपर्यंत फारशी न बदलता निघत राहिली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परदेशी भागांवर निर्बंध व जबर जकात असे, त्यामुळे असलेली गाडी पंधरा-वीस वर्षे चालविणे हा हौसेचा नव्हे, निरुपायाचा मामला होता. भाग बदलून पाहण्याची चैन ज्याला परवडत नाही त्याला दोष आधी निश्चित करावा लागतो. माझ्या मते या कसबाचे सारे सामर्थ्य ह्या सक्तीतून आलेले आहे.

मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असे: दोष पेट्रोलचा की करंटचा? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात मिश्रण अधिक भरते, दाब वाढतो, आणि त्या दाट वायूतून ठिणगी पाडण्यास विजेचा जोर अधिक लागतो. म्हणून मंद चालीत कशीबशी निभावणारी दुर्बळ ठिणगी नेमकी चढावर दगा देते. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका प्लगची वायर उपसून पाही. वायर काढूनही आवाजात फरक पडला नाही की तो सिलिंडर काम करीत नाही हे सिद्ध. मग प्लग खोलून त्याचे तोंड पाहावयाचे: काजळी धरलेली असल्यास पेट्रोल जास्त, पांढुरके पडले असल्यास कमी, फिकट तपकिरी असल्यास सारे यथास्थित. नंतर पाळी डिस्ट्रिब्यूटरची. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आणलेली बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची योजना फियाटमध्येही तत्त्वतः तीच होती. पॉइंटाच्या एका चकतीवर खड्डा व समोरच्या चकतीवर टेंगूळ आलेले दिसले की बारीक कानशीने ते घासून, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी फट ठेवून पुन्हा बसवीत, आणि ते वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर संशय धरीत.

करंट निर्दोष ठरल्यावरच कार्ब्युरेटरला हात लागे, आणि या दोषाचे खरे मर्म बहुधा तेथे सापडे. हवा हलकी आणि पेट्रोल जड असल्यामुळे, थ्रॉटल एकाएकी उघडला म्हणजे दिंडीतील तरुण पुढे धावावेत व वृद्ध मागे राहावेत तशी हवा आत शिरते आणि पेट्रोल क्षणभर रेंगाळते. त्या क्षणाची तूट भरून काढण्यासाठी सॉलेक्स कार्ब्युरेटरात एक लहानसा पंप बसविलेला असतो. त्याचा पडदा फाटला किंवा तोटीत टाकीतला गंज अडकला की गाडीने गचका दिलाच. मिस्त्री इंजिन बंद करून एअर फिल्टर उतरवी, कार्ब्युरेटरच्या घशात डोकावून हाताने थ्रॉटल ओढी, आणि पेट्रोलची बारीक, सलग धार तत्क्षणी उडते की नाही हे पाही. ती उशिरा आली किंवा थेंबाथेंबाने गळली, की निदान संपले. शेजारी उभ्या पोऱ्याला हे शिकवताना उस्ताद पुस्तक उघडीत नसे. कारखान्याची इंग्रजी पुस्तिका बहुधा मालकाच्या कपाटात पडून असे, आणि म्हणूनच या विद्येचे दप्तर असे कोठे शिल्लक नाही.

हवापाण्याचाही या परीक्षेत हिस्सा असे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या तडकलेल्या कॅपमध्ये दमटपणा शिरला तर कोरड्या फडक्याने पुसण्यावर काम भागे. उलट, वैशाखात खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनाला पेट्रोल पुरविणाऱ्या पंपात इंधनाची वाफ होऊन गाडी आचके देत बंद पडली, तर पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबणे हाच इलाज होता.

या कसबाचे गुणगान करताना त्याची काळी बाजू झाकणे मात्र प्रशस्त नव्हे. घाईच्या मिस्त्रीने तार खुपसून कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मोठे केले की गाडी एकदाची पळू लागे, पण धूर व पेट्रोलचा खप कायमचा वाढे. त्यातच पेट्रोलात रॉकेलची भेसळ असली तर निष्णात उस्तादाचेही अनुमान चुकण्याचा संभव. टंचाईने काहींना विचार करावयास लावले आणि काहींना नुसती तात्पुरती वेळ मारून न्यावयास शिकविले.

सुमारे २००० सालापासून धुराचे नियम कडक होऊन कार्ब्युरेटरची जागा संगणकाच्या हुकमतीखालील फवाऱ्याने घेतली, आणि मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली. स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचणाऱ्या आजच्या कारागिराला जुन्या फियाटपुढे त्याचा उपयोग नसतो, कारण तो जोडावयाची जागाच तिच्यात नाही. हौशी मालक आता पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतात. रस्त्यात बंद पडले तर कानशीने तरी काय घासावयाचे, असा जुन्या मिस्त्रींचा त्यावर आक्षेप असतो, आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे मला वाटत नाही.