एल्सी कुठंय?

कॉलेजात आम्ही एक थ्रिलर शॉर्ट फिल्म केली होती. सुरुवातीचं एडिटिंग आणि साउंड माझ्याकडे. मी काय केलं? किंकाळी, करकरणारं दार, वर ढॅणढॅण म्युझिक. स्क्रीनिंगला पोरं चक्क हसली.

नंतर फ्रिट्झ लांगचा ‘एम’ पाहिला. जर्मनी, 1931. आपल्याकडे ‘आलम आरा’ आला तेच वर्ष. लांगचाही हा पहिलाच बोलपट, पण पार्श्वसंगीत नाहीच!

बर्लिनमध्ये एक आई जेवणाची तयारी करून शाळेतून येणाऱ्या एल्सीची वाट बघतेय. तिकडे एल्सी खुन्यावरच्या बक्षिसाच्या पोस्टरवर चेंडू आपटतेय. पोस्टरवर एक सावली पडते. तो माणूस शिट्टीवर धून वाजवत तिला फुगा घेऊन देतो. आई हाक मारते, ‘एल्सी!’ आवाज आईचा, पण पडद्यावर रिकामा जिना. मग माळ्यावर वाळणारे कपडे. मग टेबलावरची रिकामी ताटली. शेवटी गवतात घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलाच नाही.

आणि ती शिट्टी? पुढे फुगे विकणारा आंधळा म्हातारा तिच्यावरूनच खुन्याला ओळखतो. सुरुवातीला डिक्लेअर केलेला व्हेरिएबल असा वापरतात, राव!

परवा जुनी प्रोजेक्ट फाइल उघडली. म्युझिक म्यूट केलं, तर खाली हॉस्टेलच्या पंख्याची घरघर आणि दाराबाहेर कुणाच्या तरी चपला. हे रेकॉर्ड झालंय, हेच मला माहीत नव्हतं.