कोऱ्या दप्तराची संस्था

२०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून एका ग्रँड ज्युरीचं समन्स ओपन व्हिस्पर सिस्टिम्स नावाच्या छोट्या संस्थेच्या हातात पडलं. दोन फोन क्रमांक दिले होते आणि त्यांच्याबद्दल असेल नसेल ती सगळी माहिती हजर करायची होती. संस्थेने खळखळ न करता होतं ते देऊन टाकलं. एक क्रमांक तिच्याकडे नोंदलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या दोनच नोंदी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि ते सर्व्हरला शेवटचं कधी जोडलं गेलं. संपर्कयादी, ग्रुप, कोण कोणाशी बोललं, यातलं काहीच नाही. समन्सबद्दल बोलायचं नाही असाही हुकूम होता. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी तो बराचसा मागे घ्यायला लावला, म्हणून ऑक्टोबरात हा प्रकार जगाला कळला.

ही संस्था म्हणजे आजचं सिग्नल. तिची सुरुवात २०१० सालची. मॉक्सी मार्लिनस्पाइक (हे टोपणनाव, गृहस्थ शिडाच्या बोटींचे नादी) आणि रोबोटिक्सवाले स्टुअर्ट अँडरसन यांनी व्हिस्पर सिस्टिम्स ही कंपनी काढली. टेक्स्टसिक्युअर हे ॲप एसएमएस कुलूपबंद करायचं, रेडफोन हे कॉल. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, ट्विटरने कंपनी विकत घेतली आणि रेडफोनची सेवा लगेच बंद पडली. इजिप्तमधले आंदोलक ती वापरत होते, त्यामुळे ट्विटरवर टीका झाली. काही महिन्यांत दोन्ही ॲपचा कोड खुला करण्यात आला, पण मालक बदलला की सेवेचं काय होतं हे दिसायचं ते दिसलं. २०१३ च्या आरंभी मार्लिनस्पाइक ट्विटरमधून बाहेर पडले आणि ओपन व्हिस्पर सिस्टिम्स सुरू झाली. या खेपेला भागधारक नव्हते. देणग्या आणि अनुदानांवर काम चालायचं. गंमत अशी, की त्यातला मोठा वाटा ओपन टेक्नॉलॉजी फंडाचा होता, म्हणजे पर्यायाने अमेरिकी सरकारच्याच तिजोरीतला.

त्याच वर्षी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी जे गणित मांडलं, ते या संस्थेची खरी कमाई. जुन्या पद्धतीत एक किल्ली चोराला मिळाली की मागचा सगळा पत्रव्यवहार उघडा पडायचा. नव्या पद्धतीत प्रत्येक संदेशाला नवी किल्ली असते आणि वापरून झालेली पुसून टाकली जाते. शिवाय दोघांचं बोलणं पुढे सरकेल तसा किल्ल्यांचा उगमच ताजा होत जातो. त्यामुळे आजची किल्ली फुटली तरी कालचं उघडत नाही आणि उद्याचंही फार काळ उघडं राहत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये टेक्स्टसिक्युअर आणि रेडफोन एकत्र होऊन अँड्रॉइडवर सिग्नल आलं. आयफोनवर ते वर्षभर आधीच होतं.

मग एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने हेच कुलूप आपल्या १०० कोटींहून अधिक वापरकर्त्यांना लावलं. आपल्याकडच्या प्रत्येक नव्या चॅटच्या माथ्यावर जी पिवळी सूचना दिसते, तिच्यामागचं काम या संस्थेचं. माझ्या मते तिची सर्वांत मोठी लोकसेवा हीच, आणि तिच्या नावावर ती क्वचितच जमा होते. मात्र कुलूप मजकुराला आहे. कोण, कोणाला, कधी, किती वेळा, हे व्हॉट्सॲपला दिसू शकतं आणि जाहिरातीच्या धंद्याला तेवढंही पुष्कळ असतं. सिग्नलने २०१८ मध्ये पाठवणाऱ्याचं नावही लिफाफ्याच्या आत घातलं. निरोप कोणाचा, हे सर्व्हरला कळायची गरज उरली नाही.

त्याच वर्षी पैशाचा प्रश्न अनपेक्षित दिशेने सुटला. व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी २०१४ मध्ये कंपनी फेसबुकला १९ अब्ज डॉलरला विकायचं ठरवलं होतं. पुढे जाहिरातींवरून बिनसलं आणि ते कोट्यवधी डॉलरचे शेअर सोडून निघून गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या ५ कोटी डॉलरवर सिग्नल फाउंडेशन उभं राहिलं. वर्षअखेर ही रक्कम १० कोटी ५० लाखांवर गेली. कागदोपत्री हे कर्ज आहे: बिनव्याजी, बिनतारण, फेडीची मुदत २०६८.

जानेवारी २०२१ आपल्यालाही आठवत असेल. व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण आणलं, इलॉन मस्क यांनी 'सिग्नल वापरा' एवढंच लिहिलं आणि भारतातही ॲपच्या यादीत सिग्नल वर चढलं. भार न सोसून १५ जानेवारीला सेवा जवळजवळ दिवसभर कोलमडली. व्हॉट्सॲपला आपल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या. सोसायट्यांचे आणि पालकांचे ग्रुप आठवडाभर 'तिकडे या' म्हणत राहिले आणि बहुतेक सगळे होते तिथेच राहिले.

त्याच वर्षी संस्थेने स्वतःच्या नावालाही बट्टा लावून घेतला. सर्व्हरचा कोड खुला म्हणायचा आणि वर्षभर तो अद्ययावतच करायचा नाही, असं झालं. एप्रिलमध्ये नवा कोड आला आणि त्याच सुमारास मोबाइलकॉइन हे आभासी चलन ॲपमध्ये शिरलं. मार्लिनस्पाइक त्या चलनाचे सल्लागार राहिलेले. सुरक्षातज्ज्ञांनी झोडपलं आणि ते रास्तच होतं. निरोप पोहोचवणाऱ्याने पेढी कशाला उघडावी? २०२२ च्या जानेवारीत मार्लिनस्पाइक प्रमुखपदावरून पायउतार झाले. सप्टेंबरमध्ये मेरेडिथ व्हिटेकर अध्यक्ष झाल्या. २०१८ साली गूगलमध्ये कर्मचाऱ्यांचं कामबंद आंदोलन उभं करणाऱ्यांपैकी त्या एक.

व्हिटेकर यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये खर्चाचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. २०२५ पर्यंत वर्षाला ५ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. सगळ्यात बोलकी बाब ओटीपीची. नोंदणीच्या वेळी फोनवर येणाऱ्या त्या सहा आकड्यांच्या एसएमएसपायी वर्षाला साधारण ६० लाख डॉलर जात होते, सर्व्हरच्या खर्चापेक्षाही जास्त. आणि याच ओटीपीच्या वाटेने २०२२ मध्ये गळतीही झाली होती. एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाल्यावर सिग्नलचे सुमारे १,९०० क्रमांक उघडे पडले. २०२४ पासून समोरच्याला क्रमांक न दाखवता युजरनेमवर बोलता येतं, पण खातं उघडायला क्रमांक अजूनही लागतो. हे संस्थेचं जुनं दुखणं आहे. दुसरं दुखणं भाड्याच्या सर्व्हरचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड सेवा आजारी पडली, तेव्हा सिग्नलही आडवं झालं.

सरकारांशी संस्थेचं कधीच फारसं जमलं नाही. इराण, चीन, रशिया, व्हेनेझुएला या सगळ्यांनी सिग्नल अडवलं. ब्रिटनने कुलूप सैल करायला लावलं तर देश सोडू, असं व्हिटेकर यांनी २०२३ मध्ये बजावलं. भारतात २०२१ च्या आयटी नियमांनी मोठ्या सेवांवर निरोपाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याचं बंधन घातलं. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरच्या सुरक्षेचं कारण देऊन १४ ॲप बंद केली. त्यांत एलिमेंट, ब्रायर आणि थ्रीमा होती, सिग्नल नव्हतं. उलट मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे मंत्रीच येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवर करताना सापडले, कारण ग्रुपमध्ये चुकून एका संपादकाला घेतलं होतं. तिथे कुलपाचा दोष नव्हता.

वापरून पाहायचं असेल तर सोसायटीचा ग्रुप हलवायच्या भानगडीत पडू नका. डॉक्टरांचे रिपोर्ट, बँकेचे कागद, भावंडांतली वाटणी असं ज्या दोघा-चौघांशी बोलता, त्यांच्यापुरतं सुरू करा. ॲप मराठीतही आहे. एकदा समोरासमोर बसून दोघांच्या फोनवरचा ६० आकडी सुरक्षा क्रमांक जुळवून घ्या. परवडेल तशी देणगीही द्या. आणि ॲपमध्ये ठरवलेली पिन कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर ती सिग्नलकडून परत मिळत नाही, कारण ती त्यांच्याकडेही नसते.