निसर्ग आणि निराकार : चित्रकार वासुदेव गायतोंडे

फाल्गुनाच्या सुमारास आमच्या वसमतेस हळदीचा हंगाम चालतो. शेतांतून काढलेली हळद कढयांत शिजवितात, उकडलेलीं हळकुंडें उन्हांत पसरतात, आणि मग कांहीं दिवस गांवाबाहेरच्या मोकळ्या जागा पिंवळ्या होऊन जातात. जवळ जाऊन पाहावें तों हळकुंडेंच दिसतात. वांकडीं, मातकट, सुरकुतलेलीं. दुरून पाहावें तों हळकुंड नाहींसें होतें आणि नुसता रंग उरतो. आणि तोहि सकाळीं एक, तर दुपारीं दुसरा. व्यापारी जवळून पाहतो, कारण त्यास भाव ठरवावयाचा असतो. आमच्यासारखा रिकामटेकडा मास्तर दुरून पाहतो. चित्रकारानें कोठून पाहावें, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाहीं.

गेल्या वर्षीं वर्गांत आम्हीं वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत दाखविली. एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, यांत काढलें काय आहे?” दुसरा म्हणाला, “सर, समुद्र असावा.” तिसऱ्यानें पावसाळी आभाळ ओळखलें. या तिघांत पहिल्याचा प्रश्नच आम्हांस अधिक प्रामाणिक वाटला. उरलेल्या दोघांनीं चित्र पाहण्यापूर्वींच त्यास नांव देऊन टाकलें होतें. परंतु नांव दिल्याचा दोष त्यांचा नव्हे. आपल्या सबंध समाजाच्या डोळ्यांस तें वळण लागलेलें आहे, आणि त्या वळणास शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली, आणि समोरच्या दृश्याची हुबेहूब नोंद करण्याची विद्या तिच्या मार्फत महाराष्ट्रांत रुजली. कोल्हापुरास आबालाल रहिमान यांनीं कोटितीर्थाचा परिसर पुनःपुन्हा रंगविला. सावळाराम हळदणकर यांच्या जलरंगांची वाहवा झाली. या मंडळींचें ऋण कोणीं नाकारूं नये. पण त्यांच्या यशानें रसिकांस अशी संवय लागली कीं, चित्र म्हणजे एक खिडकी, आणि तिच्यांतून कांहींतरी ओळखीचें दिसलेंच पाहिजे. झाड दिसलें, तळें दिसलें, देवळाची पायरी दिसली, म्हणजे निसर्ग दिसला!

ही खिडकी ज्यांनीं बंद केली, त्यांचीं जन्मस्थानें पाहूं लागलों म्हणजे मोठी मौज वाटते. हरि अंबादास गाडे १९१७ सालीं अमरावतीकडील तळेगांव दशासर येथें जन्मले; शंकर पळशीकर त्याच वर्षीं भंडाऱ्याकडील साकोलीस. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालीं मंडला जिल्ह्यांतील बाबरियाचा, आणि त्यांचें चित्रकलेचें पहिलें रीतसर शिक्षण नागपुरास झालें. अंबादास खोब्रागडे त्याच वर्षीं अकोल्यास जन्मले, आणि गायतोंडे १९२४ सालीं नागपुरास. सात-आठ वर्षांच्या अवधींत एका जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडानें ही पांच माणसें दिलीं. त्या काळीं आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वसमतेहून हिंगोलीवरून वाशीमकडे जातांना पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागे. म्हणजे हीं माणसें आमच्या अगदीं शेजारचीं. या योगायोगावर एखादा प्रांताभिमानी सिद्धान्त उभारण्याचा मोह आम्हांस झाला होता. तो आम्हीं आवरला, कारण ज्यांच्यासाठीं हा लेख लिहावयाचा, त्या गायतोंड्यांचा जन्म तेवढा नागपुरचा. घराणें गोव्याचें, आणि वाढ गिरगांवांतील चाळींत झाली. चाळीच्या गॅलरींतून कोणता निसर्ग दिसत असेल तो असो!

त्यांनीं जे. जे. कलाशाळेची पदविका १९४८ सालीं घेतली. त्याच्या आदल्याच वर्षीं सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनीं ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांचा संघ काढला होता. गायतोंड्यांचा त्याशीं संबंध थोड्याच दिवसांत आला. पण संघ करून राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. प्रारंभीं ते माणसांचींच चित्रें काढीत. जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास करतांना त्यांनीं एक चमत्कारिक उद्योग केला: चित्रांतील राजे, नायिका, घोडे मनानेंच दूर सारले आणि मागें राहिलेल्या रंगांचीं परस्परांशीं असलेलीं प्रमाणें तेवढीं पाहिलीं. पुढें स्विस चित्रकार पॉल क्ले याच्या कामाची ओढ लागली. आमच्याकडील कित्येक टीकाकार अमूर्त चित्रकलेस परदेशी उसनवारी म्हणून हिणवितात, त्यांनीं या क्रमाकडे लक्ष द्यावें. क्लेकडे वळलेली दृष्टि लघुचित्रांवर आधींच घासली गेलेली होती.

१९५७ सालीं तोकियो येथें भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें बक्षीस मिळालें. याच सुमारास त्यांच्या चित्रांतून माणूस नाहींसा झाला. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई संस्थेंत त्यांची कामाची खोली होती. नाटकवाले, गाणारे, वाजविणारे, चित्रकार यांचा तेथें सदैव राबता असे, आणि जवळच समुद्र. या समुद्राकडे ते तासन् तास पाहात बसत, असें त्यांच्या सोबत्यांनीं सांगितलें आहे. त्या वर्षांतील कित्येक चित्रांत आडवे पट्टे आहेत, क्षितिजासारखी रेघ आहे, आणि तिच्या आजूबाजूस तरंगणारे कांहीं अस्पष्ट आकार आहेत. आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचें उत्तर या काळापुरतें सर्वस्वीं चूक म्हणतां येणार नाहीं.

१९६४ सालीं रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथून परत आल्यावर कांहीं वर्षांतच एक बदल झाला. दिसण्यास तो क्षुल्लक आहे. पण आमच्या मतें त्यांच्या सर्व कारकीर्दींत याहून महत्त्वाची घटना नाहीं. १९६८च्या सुमारापासून त्यांनीं कॅनव्हास उभा धरला, आणि पुढें तो बहुधा उभाच राहिला. निसर्गदृश्याचा कागद आडवा असतो, कारण क्षितिज आडवें असतें आणि आपले दोन डोळे शेजारीं शेजारीं असतात. पट उभा करतांच क्षितिज आखूड पडलें, समुद्र काढण्याची सोय गेली. ज्यास समुद्र दाखवावयाचा आहे, तो असें करणार नाहीं.

मग निसर्ग गेला काय? आमचें उत्तर असें कीं, दृश्य गेलें आणि निसर्गाची कृति मागें राहिली. गायतोंडे कुंचल्यावर विसंबून राहिले नाहींत. ते रंग लाटणीनें व सुरीनें पसरीत. एक थर वाळूं देत, त्यावर दुसरा देत, तो कोठें खरवडीत. वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले तुकडे दाबून रंग कोठें ठेवीत, कोठें उचलून घेत. अशा रीतीनें वर्षाकांठीं पांच-सहाच चित्रें पुरीं होत. उरलेला काळ बसून पाहण्यांत जाई. पूर्णेचा पूर ओसरल्यावर कांठावर गाळ कसा बसतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. पाणी घाई करीत नाहीं. एक थर वाळतो, त्यास भेगा पडतात, दुसऱ्या पुराचा थर त्यांत शिरतो. नदी त्या गाळांत नदीचें चित्र काढीत नाहीं, तरी तो गाळ नदीनेंच केलेला असतो. गायतोंड्यांचीं उत्तम चित्रें आम्हांस अशीं बसलेलीं वाटतात, काढलेलीं वाटत नाहींत.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आमचे हे गाळाचे नि हळदीचे दृष्टान्त खुद्द गायतोंड्यांस रुचले नसते. ‘अमूर्त’ हा शब्ददेखील त्यांस मान्य नव्हता. अमूर्त म्हटलें म्हणजे कोणत्या तरी मूर्त वस्तूवरून तें घेतलें, असा अर्थ निघतो. आपलें चित्र कोणत्याहि वस्तूवरून घेतलेलें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. झेन पंथाच्या विचाराकडे त्यांचा ओढा होता, आणि मौनास ते बोलण्यापेक्षां अधिक मानीत. चित्रांस त्यांनीं बहुधा नांवेंच दिलीं नाहींत. रझांचें तसें नव्हे. ते १९५० सालीं फ्रान्सला गेले, तेथील गांवें व शेतें रंगवीत रंगवीत बिंदूपर्यंत पोंचले. पण चित्रास ‘राजस्थान’ किंवा ‘सौराष्ट्र’ असें नांव देऊन पाहणाऱ्याच्या हातीं एक दोर ठेवीत गेले. अंबादास यांचे लोंढ्यासारखे वाहते फटकारेहि निनांवी भासतात. पण त्यांत वेग आहे, उसळी आहे. ते १९७२ सालीं नॉर्वेस गेले आणि २०१२ सालीं तिकडेच वारले. अकोल्याच्या या मोठ्या चित्रकाराचें नांव आमच्याकडे किती जणांस ठाऊक आहे, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

१९७१ सालीं पद्मश्री मिळाली, १९७२ सालीं गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीस निजामुद्दीन भागांत राहावयास गेले. समुद्र सुटला. दिल्लींत काढलेल्या चित्रांत मात्र प्रकाश वाढला, ही गोष्ट समुद्रवाद्यांस विचार करावयास लावणारी आहे. केशरी, मातकट, पिंवळे असे रंग आंतून उजळल्यासारखे येऊं लागले. १९८४ सालीं अपघात झाला, आणि मोठा पट हाताळणें अशक्य होऊन बसलें. त्या दिवसांत त्यांनीं कागदावर शाईनें लहान लहान रेखाटनें केलीं. कोणत्याहि लिपींत न बसणारीं अक्षरें असावींत, तशीं तीं दिसतात. पुढें प्रकृति सांवरल्यावर पुन्हां रंगास हात घातला. १० ऑगस्ट २००१ रोजीं त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं गाडेहि गेले.

कीर्तीचा मोठा भाग मागाहून आला. २०१३ सालीं मुंबईंतील एका लिलांवांत त्यांच्या १९७९च्या एका चित्रास २३ कोटी ७० लाख रुपये आले, आणि वर्तमानपत्रांस ते एकाएकीं आठवले. दुसऱ्या वर्षीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. किंमत ऐकून चित्राकडे वळणाऱ्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कोणत्या का वाटेनें होईना, माणूस चित्रापर्यंत आला तर बरेंच. आमचें दुःख निराळें आहे. मूळ चित्र पाहावयाचें म्हणजे मुंबईस किंवा दिल्लीस जाणें आलें. आम्हीं स्वतः तें प्रथम दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत पाहिलें, आणि तेव्हां आमची चाळिशी उलटून गेली होती. छापील प्रतींत थर दिसत नाहीं, खरवड दिसत नाहीं, खालचा रंग वरच्यांतून कसा डोकावतो तें दिसत नाहीं. म्हणजे जें दिसावयास पाहिजे, तेंच नेमकें गळतें. आणि मग आमच्या मुलांनीं समुद्र न ओळखावा तर काय करावें?

तास संपल्यावर तो पहिला विद्यार्थी मागें रेंगाळला. चित्रांत काय काढलें आहे, हें त्यानें पुन्हां विचारलें नाहीं. “सर, मूळ चित्र केवढें असतें?” एवढेंच विचारलें. आम्हीं त्यास फळ्याशीं नेलें, आणि खडूनें पांच फूट उंच व साडेतीन फूट रुंद अशी चौकट आंखून दिली. तो थोडा वेळ त्या रिकाम्या चौकटीपुढें उभा राहिला. मग तीन पावलें मागें सरला, आणि पुन्हां जवळ आला.