आपल्या दैवतांचे देशांतर

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचे आडनाव एका गावचे आणि कुलदैवत दुसऱ्याच गावी, असा अनुभव वाचकांस असेलच. लोटलीकरांचा रामनाथ लोटलीस नाही, बांदिवड्यास आहे. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, तर कुशस्थळी म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळच्या परिसरात नांदतो आहे. या विसंगतीत साडेचारशे वर्षांपूर्वीचे एक गुपित दडलेले आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्याकडे आले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५५९ मध्ये हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांस ख्रिस्ती धर्मात वाढविण्याचा हुकूम सुटला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. घरातील कर्ता पुरुष गेला, तर पोर कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा उरला नाही. देव आणि संतती या दोहोंवर एकाच वेळी घाला आला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी गाव सोडण्याचा निश्चय केला.

परंपरेने असे सांगितले जाते, की १५६० मध्ये कुशस्थळीच्या महाजनांनी मंगेशाचे लिंग गुप्तपणे उचलून अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडली. पैलतीरीच्या अंत्रुज महालात आदिलशहाची सत्ता होती. परधर्मी राजाच्या आश्रयाने आपली दैवते वाचली, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. नदीच्या या तीरावर मूर्ती बाळगणे अपराध ठरत होते, त्या तीरावर तीच मूर्ती उघड पूजिता येत होती. दोहोंमध्ये अंतर ते किती? एका होडीच्या वाटेचे! परंतु ते काटण्यासाठी नावाड्यापासून पुजाऱ्यापर्यंत सर्वांनी मौन पाळावे लागले. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत.

१५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने साष्टीतील सुमारे २८० देवळे उद्ध्वस्त केली. पुढे त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. त्यासाठी प्रथम त्या जमिनींची मोजदाद करावी लागली आणि साष्टीत कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याची शेते कोणती, हे त्याच वर्षीच्या सरकारी दफ्तरात लिहिले गेले. ज्यांनी देवळे पुसली त्यांच्याच लेखणीने त्यांची नावे राखली, हा इतिहासाचा मोठाच न्याय होय.

मागे राहिलेल्यांचे काय झाले? सर्वांनाच गाव सोडता आले नाही. वडिलोपार्जित जमीन व गावकरी राखण्यासाठी एका भावाने धर्मांतर केले आणि दुसरा देवाबरोबर गेला, अशा आठवणी कित्येक घराण्यांत आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. मागे राहिलेल्यांनीही आपले गुपित जपले. १७३६ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतर, इन्क्विझिशनला अंगणात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, मिठावाचून भात शिजवू नये, अशी बंदी ख्रिस्ती प्रजेवर घालावी लागली. मनातून आणि चुलीवरून जुना आचार गेला असता, तर या हुकमाचे प्रयोजन काय होते?

कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, पण शिगम्याच्या दिवसांत तिची छत्री आजही मिरवणुकीने मूळ गावी येते आणि त्या सोहळ्यात तेथील ख्रिस्ती गावकरीही मानाने सहभागी होतात. जुने नाते तेथे वर्षातून एकदा सर्वांसमक्ष उजळते.

अंत्रुजातील देवस्थानांस पुढे चांगले दिवस आले. कवळ्याचे देवालय शाहू महाराजांच्या दरबारातील नारो राम मंत्री यांच्या प्रयत्नाने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. १७६३ मध्ये फोंडे महाल पोर्तुगीजांकडे गेला, तोवर काळ पालटला होता आणि देवळांस धक्का लागला नाही. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले, परंतु त्याच्या खटल्यांचे बहुतेक कागद जाळून टाकण्यात आले. त्या ज्वाळांत कोणकोणत्या पूर्वजांच्या कहाण्या नष्ट झाल्या, याची गणती आता होणे नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक विनंती करावीशी वाटते. सरकारी दफ्तरात जमिनीचे आकडे सापडतात, पण कोण कोणत्या वाटेने आले, मागे कोण राहिले, हे घरातील वृद्धांच्याच मुखी असते. आजीने सांगितलेले मूळ गावाचे नाव, नवसाची रीत, जुन्या वाड्यातील एखादी सनद, हे सर्व आजच लिहून काढावे. पूर्वजांनी मौन पाळले, कारण बोलण्याने देव धोक्यात येत होता. आपण मौन पाळले, तर पूर्वजांची स्मृतीच जाईल. त्यांचे गुपित फोडण्याची वेळ आता आली आहे, आणि ते फोडणे हेच त्यांचे ऋण फेडणे होय.